दोन जावांची सायकल

एका गावात दोन जावा होत्या आणि दोघींत मिळून सायकल एकच. थोरली उंच, धाकटी ठेंगणी. थोरली सकाळी रोपवाटिकेत कामाला जाई, धाकटी दुपारी शिवणाच्या वर्गाला. म्हणून घरात ठरलेलं होतं, सायकलवरून जी उतरेल तिने सीट दुसरीच्या मापाची करायची आणि नट पान्याने आवळून ठेवायचा.

एकदा थोरलीने पाणवठ्यावर, चार बायकांसमोर, धाकटीने शिवलेलं झंपर उचलून दाखवलं. "बघा गं, याला झंपर म्हणायचं की पोतं?" सगळ्या हसल्या.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी तिने सीट वर ओढली, नट नुसता दोन बोटांनी फिरवला आणि तसाच सोडला. "घसरेल खाली तर घसरू दे. दुखू देत तिचे गुडघे," ती पुटपुटली.

सकाळी कालव्याच्या उतारावर सीट गर्रकन फिरली. थोरली दगडांवर आदळली. मनगट मोडलं.

तिचा नवरा पेटला. "आठ दिवसांपूर्वीच त्या नबीलालने सायकल दुरुस्त केली होती. सोडत नाही त्याला!" तो तडक दुकानात गेला. म्हाताऱ्या नबीलालची गचांडी धरली, तेलाचा डबा लाथेने उडवला.

"मी घट्ट बसवली होती, बाबा," नबीलाल म्हणाला.

धाकटी मागोमाग धावत आली होती. गप्प राहिली असती, तर कुणाला काहीच कळलं नसतं.

"भाऊजी, सोडा त्यांना! नट मी सैल ठेवला. मुद्दाम."

थोरल्या दिराने हात खाली घेतला. नबीलालची माफी मागितली, पण धाकटीशी महिनाभर बोलला नाही.

थोरली मात्र बोलली. प्लास्टरमधला हात पुढे करून कडाडली, "झंपरावरून माझ्या झिंज्या उपटायच्या होत्यास! पण जिच्यावर मी डोळे मिटून बसते, ती सीट सैल ठेवलीस?"

"चुकलं माझं. पण तुम्ही चार बायकांत माझी लाज काढलीत."

"काढली," थोरली म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

प्लास्टर निघालं. जावा पुन्हा भांडू लागल्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा. परवा धाकटी भांडता भांडताच सीट वर करत होती. "मी काय तुमची मोलकरीण आहे?" ओरडत तिने नट पुरता आवळला, सीट दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हलली नाही. मगच तिने दार आपटलं.

तात्पर्य: रागवायचं तर तोंडावर रागवा, ज्याच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव आहे, ते काम रागातही सैल सोडू नका.