भरल्या होडीचा पंखा

"मग यातला कुठला बसवू, तातू?"

रोहिदास खोबरेकराने होडीच्या इंजिनाचे दोन पंखे वाळूत शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही नवे, दोन्ही तीन पात्यांचे. फरक इतकाच, की एकाच्या पात्यांना पीळ जास्त होता, दुसऱ्याच्या कमी.

तातू मेथरांनी दोन्हींकडे पाहिलं.

खाडीतल्या बेटावरच्या वाडीने आपली होडी नुकतीच रोहिदासच्या हाती दिली होती. बाजार, दवाखाना, लग्नाची वऱ्हाडं, सगळी ये-जा त्या एका होडीवर. जुना पंखा खडकावर आपटून मोडला, म्हणून हे नवे आणले होते. पसंत पडेल तो ठेवायचा, दुसरा दुकानदाराला परत.

इंजिनाचं काम रोहिदास तातूंच्या हाताखालीच शिकला. पण नारळी पौर्णिमेच्या शर्यती जिंकायला लागल्यापासून तो त्यांच्याकडे विचारायला कमी आणि सांगायला जास्त येत असे.

आजही उत्तराची वाट न पाहता त्याने जास्त पिळाचा पंखा चढवला आणि एकटाच होडी घेऊन निघाला. होडीचं नाक वर उचललं गेलं, मागे पांढरी रेघ उठली. वळसा घालून तो आला, पंखा बदलला, पुन्हा गेला. या खेपेला इंजिन उगाच किंचाळत राहिलं आणि होडी मात्र रेंगाळली.

किनाऱ्याला लागताच त्याने जास्त पिळाचा पंखा परत चढवला, काढलेला होडीतच टाकला आणि नट आवळला.

"बघितलंत ना? आता विचारण्यासारखं काही उरलं नाही."

तातू उठले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, पाण्यातून चालत होडीपाशी आले आणि आत बसले.

मग त्यांनी किनाऱ्याकडे हात हलवला.

बाजार आटोपून बेटावर परतणारी माणसं तिथे थांबली होती. ती एकेक करून चढली. मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन बायका, तांदळाची पोती, सिमेंटच्या गोणी, आणि शेवटी दोघांनी उचलून आणलेली इंदूआते पराडकर. तिच्या पायाला प्लास्टर होतं.

होडी पाण्यात खाली बसली.

रोहिदासने इंजिनाची दोरी ओढली. ओहोटी लागली होती. बेट वरच्या अंगाला, म्हणजे खाडीचं सगळं पाणी समोरून येणार. तरी त्याला काळजी वाटली नाही. हेच इंजिन मघाशी बाणासारखं गेलं होतं.

मधल्या पात्रापर्यंत होडी कशीबशी गेली. मग इंजिनाचा आवाज घोगरा झाला. त्याने मूठ पूर्ण पिळली. धूर आला, इंजिन कण्हलं... पण मूठ पिळून पंख्याचे फेरे काही वाढेनात.

डावीकडे जाळ्यांसाठी रोवलेला एक खांब होता. रोहिदासने त्याच्यावर नजर ठेवली. खांब जागचा हलेना.

मग हलला. पुढच्या बाजूला.

होडी मागे सरकत होती. मागे खाडीचं तोंड, आणि तोंडाशी फुटणाऱ्या लाटा. बायकांचं बोलणं थांबलं. इंदूआतेने शेजारणीचा हात धरला. रोहिदासने वळून त्या लाटांकडे पाहिलं. शर्यतीत त्याला कधी मागे पाहावं लागलं नव्हतं.

तातूंनी नांगर उचलला आणि पाण्यात सोडला. दोर ताणला गेला. होडी हिसका देऊन थांबली.

"आता बदल."

रोहिदासने इंजिन बंद करून वर उचललं. मागच्या फळीवर पालथा पडून त्याने पिन काढली, नट सोडवला. नट निसटला असता तर खाडीने तो परत दिला नसता. कोणी घाई कर म्हटलं नाही. तातू तर समोरच्या बेटाकडे पाहत बसले होते, जणू तिथे पोहोचलेच होते.

कमी पिळाचा पंखा बसला. इंजिन सुरू झालं आणि या वेळी मोकळं वाजलं. नांगर वर आला. होडी क्षणभर घुटमळली, मग पाण्यात रेटा देत चालू लागली. वेग असा काही नव्हता. पण तो खांब मागे पडला, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा.

बेटावर दोघांनी इंदूआतेला उचलून उतरवलं. जाताना तिने रोहिदासच्या गालावरून हात फिरवला.

माणसं पांगली. होडीत दोघंच उरले.

रोहिदासने इंजिन वर उचललं. मग म्हणाला की चूक त्याची होती. रिकाम्या होडीला विचारून त्याने भरल्या होडीचा पंखा ठरवला होता.

तातूंनी मान डोलावली.

रोहिदासच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. खांदे पुन्हा ताठ झाले.

"खरा पंखा हाच, तातू. उद्या धक्क्यावर सगळ्या होडीवाल्यांना गोळा करतो. सांगतो, जास्त पिळाचे काढून फेका आणि हा बसवा."

तातू होडीतून उतरले. धोतराचं टोक पिळलं...

"सांग. पण आधी प्रत्येकाच्या होडीत एकदा बसून ये."