चार स्क्रूंची जाळी

एकदा एक वृद्ध तारकारागीर डोंगरमाथ्यावरच्या एका थंड गावात राहत असे. त्या गावातल्या जुन्या बंगल्यांमध्ये रॉकेलवर चालणारे हीटर होते. खाली तेलाची टाकी, मध्ये गोल वात, आणि कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून भोवती तारेची जाळी, तिला पुढे कडीचे झाकण. हीटर पिढ्यान्‌पिढ्या टिकत, जाळी मात्र गंजून झडून जाई. तशीच दुसरी जाळी विणून देणारा पंचक्रोशीत हा एकच म्हातारा उरला होता. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. वयाने तिशीचा, हाताने कुशल आणि स्वभावाने घाबरट. अर्थात त्याच्या घाबरटपणाला सबळ कारण होते.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या तीन वर्षांच्या लेकीने घरातल्या हीटरच्या जाळीची कडी उघडली आणि आत हात घातला. पोर वाचली, पण मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी सुरकुतली ती कायमचीच. तेव्हापासून जाळीची कडी नुसती दिसली तरी तो दोन पावले मागे सरे. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा गृहस्थ पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागला होता.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर जुन्या वस्तूंचा एक व्यापारी कारागिराकडे आला. एका बंगल्यातले पाच हीटर त्याने विकत घेतले होते आणि ते खालच्या गावातल्या अनाथ मुलांच्या आश्रमात पोचवायचे होते. जाळी एकालाही नव्हती, म्हणून हीटर त्याने कारागिराच्या दारात उतरवले. नमुना म्हणून त्याने एक जुनी, अर्धीमुर्धी जाळी आणली होती. "आठ दिवसांत द्या, बाबा. चाळीस पोरं कुडकुडतायत तिथं," तो म्हणाला. म्हाताऱ्याने नमुना शिष्याच्या हाती दिला. "हा समोर ठेव आणि असाच कर," एवढेच तो बोलला.

शिष्याने नमुना समोर ठेवला, पण तसा केला नाही. तार वळवताना त्याला चाळीस मुलांचे ऐंशी हात दिसत. त्याने पुढचे झाकण गाळले, कडी गाळली. तारा इतक्या जवळ विणल्या की करंगळीही आत शिरू नये. जाळी चारही बाजूंनी बंद केली आणि ती खालच्या पत्र्याला चार स्क्रूंनी आवळायची सोय केली. सकाळी वात पेटवावी, जाळी बसवावी, स्क्रू आवळावेत, की दिवसभर चिंता नाही. पाचवी जाळी पुरी झाली त्या रात्री तो दोन वर्षांत प्रथमच गाढ झोपला.

आठव्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याची जीप दारात उभी राहिली. म्हाताऱ्याने एक जाळी उचलली, उजेडात धरली, तारांवरून बोट फिरवले.

"कडी कुठंय?"

"काढली, वस्ताद." शिष्य मागे हटला नाही. "माझ्या पोरीचा हात ज्या कडीनं खाल्ला, ती मी दुसऱ्याच्या पोरांपुढं ठेवणार नाही. तुम्ही रागवा, पाहिजे तर कामावरून काढा."

म्हातारा रागावला नाही. त्याने एका हीटरमध्ये रॉकेल भरले, वात पेटवली आणि म्हणाला, "बसव तुझी जाळी. आवळ स्क्रू." शिष्याने चारही स्क्रू करकचून आवळले. मग म्हाताऱ्याने हात पुढे केला, त्याच्याकडून पेचकस घेतला आणि खिडकीतून थेट खालच्या दरीत भिरकावून दिला. त्या मापाचा तेवढा एकच पेचकस तिथे होता.

"अहो बाबा, हे काय करताय?" व्यापारी ओरडला.

"काही नाही, शेठ. बसा. चहा घेऊ."

रॉकेलच्या हीटरची एक खोड असते. पेटवताना ज्योत निळी, शहाण्यासारखी राहते. दहा मिनिटांत लोखंड तापले की ती आपोआप वर चढू लागते. तेव्हा जाळीच्या आत, वातीच्या बाजूला असलेली कळ फिरवून वात खाली करावी लागते. शिष्याने हे शेकडो वेळा केले होते. हात इतका सवयीने जाई की असे काही करावे लागते याची त्याला आठवणच राहिली नव्हती.

ती आता झाली. ज्योतीची निळाई गेली, पिवळी जीभ वर आली. जाळीच्या माथ्यावर काजळी धरू लागली. व्यापाऱ्याने कप खाली ठेवला आणि तो खोकत उठला. शिष्य धावला. कळ त्याच्या डोळ्यांसमोर, चार बोटांवर होती, पण बोट आत जात नव्हते. करंगळी घालून पाहिली, तीही जाईना. त्याने स्क्रू चिमटीत धरला आणि चटका बसून सोडला. ज्योत आता जाळीबाहेर डोकावत होती. वर छताची लाकडे होती आणि खाली लिटरभर रॉकेल.

"वस्ताद, पेटेल हे सगळं! काहीतरी करा!"

"जाळी तुझी आहे," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, पण स्टुलाखाली ठेवलेल्या ओल्या गोणपाटावर त्याची मूठ घट्ट आवळलेली होती.

शिष्याने पक्कड उचलली आणि स्वतः विणलेल्या तारा तोडायला सुरुवात केली. एक तुटली, दुसरी तुटली. त्याने मजबुतीसाठी दुहेरी तार घातली होती, ती तुटता तुटेना. जळक्या केसांचा वास सुटला, ते त्याच्याच हातावरचे होते. सहावी तार तुटली तसा त्याने हात आत खुपसला, कळ फिरवली, आणि ज्योत विझली.

म्हाताऱ्याने ओले गोणपाट शिष्याच्या हाताभोवती गुंडाळले आणि तो त्याच्याजवळ बसला.

"लेका, एक सांग. त्या दिवशी पोरीचा हात आत अडकला, तेव्हा ज्योत खाली कुणी केली?"

"मी."

"आणि तुझा हात आत गेला कुठून?"

शिष्याने तोडलेल्या जाळीकडे पाहिले. दोन वर्षे त्याने त्या कडीला शिव्या दिल्या होत्या. ती उघडी होती म्हणूनच त्याचा हात कळेपर्यंत पोचला, लेकीचा नुसता हात भाजला आणि लेक हाती लागली, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "तुझं भय खोटं नव्हतं. पण भयाला एकच बाजू दिसते. बाहेरचा हात आत जाऊ नये, एवढंच त्याला कळतं. विस्तव आत आहे, तो आतूनही भडकतो. रक्षण करणाऱ्याचा हात जिथं पोचत नाही, ते रक्षण नव्हे बाळा, तो कोंडमारा. आश्रमातल्या बाईनं भडकलेल्या हीटरपुढं पेचकस शोधत फिरावं का? ही तर पोरांना आगीतून फुफाट्यात घालायची तऱ्हा झाली."

"मग जीप परत पाठवू?" व्यापाऱ्याने चाचरत विचारले.

"थांबू द्या, शेठ," उत्तर शिष्याने दिले. "संध्याकाळपर्यंत देतो."

गुंडाळलेल्या हातानेच त्याने उरलेल्या चार जाळ्या एकेक करून पुढे ओढल्या आणि कापल्या. प्रत्येकीला झाकण केले. कडी केली ती मात्र नमुन्यासारखी नव्हे. ती वरच्या अंगाला, आधी दाबून मग उचलायची, लहान मुलाच्या अंगठ्याला दाद न देणारी. म्हाताऱ्याने ती पाहिली आणि नमुन्याची जुनी जाळी उचलून भंगारात टाकली. शिष्य तेवढ्यावर थांबला नाही. त्याने डोळे मिटले आणि डाव्या हाताने प्रत्येक कडी उघडून पाहिली, एका श्वासात उघडते की नाही ते. पाचवी जाळी त्याने पुन्हा पहिल्यापासून विणली.

आपणही आपल्या माणसांभोवती मायेपोटी जाळ्या विणत असतो. विणून झाली की आपला स्वतःचा हात आत जातो का, तेवढे प्रत्येकाने एकदा पाहून घ्यावे.