थोरलीचं कांडं

दोष पुंजाजीचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या वेलझरीतले म्हातारे ही गोष्ट सांगायला बसले की नेमकं हेच नाव गाळतात. म्हणतात, नागोबाचा कोप झाला. म्हणतात, काळच वाईट होता. काळ काही वाईट नव्हता. पुंजाजी पंचांचा म्होरक्या होता, तो चुकीचं बोलला, आणि बाकीचे माना डोलावत बसले. म्हाताऱ्यांना माना डोलावायची खोड तेव्हापासूनची आहे. असो. ऐका.

फार वर्षांपूर्वी, सातपुड्याच्या पायथ्याचे झरे जेव्हा उन्हाळ्यातही आटत नव्हते, तेव्हा वेलझरी म्हणजे नुसते पानमळे होते. मळा म्हणजे उघडं रान नव्हे. बांबूचे खांब, वर गवताचं छप्पर, चहूबाजूंनी भिंतींसारखे तुराट्यांचे ताटवे. वेलींसाठी बांधलेलं घरच ते. बाहेर वैशाखात दगड तडकत असायचे आणि आत पाऊल टाकलं की अंगावर शहारा यायचा. ऊनसुद्धा आत येताना हिरवं होऊन यायचं. बाया अंगठ्याला लोखंडी नखी बांधून पानं खुडायच्या, आणि तो टिक टिक आवाज ओळीओळीनं पुढं सरकत जायचा. संध्याकाळी अख्ख्या गावाला ओल्या पानाचा वास यायचा, लेकरांच्या केसांनासुद्धा. ते गाव मी पाहिलेलं नाही, तरी त्याची आठवण येते. अशी आठवण आमच्याकडे सगळ्यांनाच येते.

नागवेलीचं बी पेरत नाहीत. वेलीचं कांडं कापायचं, मातीत खोचायचं, की तीच वेल पुन्हा उभी राहते. वेलझरीतल्या सगळ्या वेली अशा एकाच वेलीच्या होत्या. ती नागोबाच्या ओट्यामागच्या मळ्यात होती आणि तिला थोरली म्हणायचे. तिचं खोड मनगटाएवढं होतं आणि तिचं पान तोंडात टाकलं की भांडायला आलेला माणूस भांडण विसरायचा, असं म्हणतात. मळे कितीही असोत, वेल एकच. थोरलीला जे मारील ते सगळ्यांना मारील, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पंचांचे दोन कायदे होते. पहिला असा, की मळ्यात शिरण्याआधी सगळ्या गावानं नागोबापुढच्या दगडी डोणीत पाय धुवायचे, आणि डोणीतलं ते पाणी तीर्थ म्हणून आपापल्या मळ्यात नेऊन वेलींच्या बुडाशी घालायचं. दुसरा असा, की थोरलीचं कांडं वेशीबाहेर जाऊ द्यायचं नाही. ज्याच्या हातून जाईल त्याला जन्मभर मळ्याची बंदी. आपलं पान दुसऱ्या गावात पिकू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण देवाच्या नावावर सांगितलं की अर्थ कोण विचारतो?

त्या गावात उकंडा राहायचा. वेलींचा वैद्य. वेल पाणी पिते तेव्हा तिच्या खोडात आवाज होतो, आणि तो आवाज त्याला ऐकू यायचा. खोडाला कान लावून तो सांगायचा, हिला तहान आहे, हिला ऊन लागतंय, हिच्या मुळाशी उंदीर आहे. उकरून पाहिलं की उंदीर निघायचाच, असं म्हणतात.

त्याला एकच लेक, मथुरी. आई लहानपणीच गेलेली. मथुरी मळ्यातच वाढली आणि नदीपल्याडच्या सावंगीत दिली. तिची ओटी भरताना उकंडानं तांदळात, नारळाच्या खाली, केळीच्या ओल्या सोपट्यात गुंडाळून थोरलीचं कांडं ठेवलं. कायदा त्याला माहीत होता. पण लेकीला परक्या गावात आपलं असं काही नको का? मथुरीनं ते परसात लावलं, वर गवत शाकारलं, आणि वेल चढली. दर बाजाराला उकंडा नदी उतरून लेकीकडे जायचा, तिच्या हातची भाकर खायचा, वेलीला कान लावायचा आणि गप्प घरी यायचा. त्याच्या आयुष्यातला एवढाच सण.

मग ते साल आलं. आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागला आणि उघडीप म्हणून मिळेना. नदी फुगली आणि उकंडाचं सावंगीला जाणं बंद पडलं. छपरं कुजली. एका सकाळी उकंडानं थोरलीला कान लावला आणि काहीच ऐकू आलं नाही. त्यानं बुडाची माती बाजूला केली. बुडखा काळा पडला होता, बोटानं दाबला तर शिजल्यासारखा सुटून हातात आला. पानांवर तेलाचे पडावेत तसे डाग. आणि वास, सडक्या मासळीचा.

पुंजाजीनं पंच बसवले आणि फर्मान काढलं, की नागोबा रुसला आहे, तीर्थ दुप्पट घाला. गावानं दुप्पट घातलं. मळे दुप्पट वेगानं मेले. मेलेल्या जागी लोकांनी थोरलीचीच उरलेली कांडी खोचली. ती पानं फुटायच्या आत काळी पडली. सगळ्यात भाविक माणसाचा मळा सगळ्यात आधी गेला, हे गाव बघत होतं, पण डोळ्यांनी बघून उपयोग काय?

एकच मळा हिरवा होता. कौसीचा. कौसी विधवा होती, चुनखडी भाजून चुना विकायची. विधवेनं डोणीला शिवायचं नाही, असं पंचांचं म्हणणं, म्हणून ती घरच्या घागरीनं पाय धुवायची आणि चुन्यानं पांढऱ्या झालेल्या पायांनीच मळ्यात जायची. उकंडा तिच्या ताटव्याबाहेरच थांबला. बाहेर आलेल्या एका वेलीला त्यानं कान लावला. आत पाणी वाहत होतं. तो तिथून तडक पंचांकडे गेला.

"डोणी फोडा," तो म्हणाला. "समद्यांचे पाय एका पाण्यात. एकाचा रोग समद्यांच्या मळ्यात तुम्हीच नेऊन घालता."

"माह्या आज्यानं तिथंच पाय धुतले," पुंजाजी म्हणाला. "त्याच्या आज्यानंबी."

"आज्याच्या पायाले रोग नव्हता, आबाजी."

"म्हंजे आमच्या पायाले हाय?"

"हाय. माह्याबी पायाले हाय. मी तं समद्यांच्या मळ्यात फिरलो."

मागून कुणीतरी म्हणालं, "वेलीचा वैद्य होता, आता पायाचा झाला वाट्टे!" आणि सगळे खो खो हसले. मळे मरत होते आणि हे हसत होते.

पुंजाजीच्या डोक्यात दुसरंच शिरलं. कौसीचा मळा हिरवा आहे, तर तिथून कांडी कापून आणू. सगळे उठले, रिवाजाप्रमाणे डोणीत पाय धुतले आणि ओल्या पायांनी कौसीच्या दारात गेले. कौसी आडवी झाली.

"पाय पुसा, चुन्यात ठेवा, मंग या," ती म्हणाली.

"पंचाले पाय पुसायले सांगते व?"

"मले डोणीजवळ उभं करत नाही ना तुम्ही? मंग डोणी कायले आणता माह्या घरात?"

तिला ढकलून ते आत शिरले. अमावस्येच्या आत कौसीचा मळाही काळा पडला. तिच्या मळ्यातून आणलेली कांडीही गेली. आता वेलझरीत थोरलीच्या वंशाचं एक पान उरलं नव्हतं. लोक गाव सोडायच्या गोष्टी करू लागले. कौसीची कुणी माफी मागितली असं कुठल्याच म्हाताऱ्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

तेव्हा उकंडा पंचांपुढे उभा राहिला आणि त्यानं कबूल केलं, की थोरली जिती आहे. सावंगीत, माझ्या लेकीच्या परसात. मीच दिली.

पंचांनी आधी त्याला शिव्या घातल्या आणि मग बैलगाडी जुंपली. वेल मुळासकट उपटून आणायची, असा बेत. नदीच्या उतारावर पोहोचतात तो उकंडा कुऱ्हाड घेऊन आधीच उभा.

"इथून पुढं वेलझरीचा पाय जाणार नाही. कौसीकडे काय केलं ते इसरले?"

"आम्ही नाही जात," पुंजाजी म्हणाला. "तू जाय. लेक तुही हाय."

"मीबी नाही."

गाडी तरी पुढं निघाली. उकंडानं नदीला हाक मारली, आणि स्वच्छ आभाळाखाली नदी दोन्ही थड्यांना टेकली, असं म्हणतात. मला वाटतं बैलांनी नदीपेक्षा कुऱ्हाड नीट पाहिली असेल. काही असो, गाडी थांबली.

पल्याडच्या थडीवर मथुरी आली. तिला दिवस गेले होते.

"बाबा, थांबले कायले? या ना! भाकरी टाकल्या हाय!"

"नाही येत, माय. तूबी पाण्यात पाय टाकू नको."

"काय झालं? माह्यावर रागावले का?"

"तुह्यावर कायले रागावू? माह्या पायाले थोरलीचं मरण लागलं. ते तुह्या अंगणात आणत नाही मी. कांडी काप अन् घागरीत घालून सोड."

मथुरी रडत घरी गेली. लग्नात बापानं दिलेल्या पितळी घागरीत तिनं कांडी ठेवली, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि घागर पाण्यावर सोडली. धार खाली जात होती. घागर सरळ आली, जशी एखादी सासुरवाशीण माहेरची वाट न विचारता येते तशी. ती उकंडाच्या पायाशी लागणार, तो दोन पावलं मागं सरला. "कौसीले बलवा," तो म्हणाला. "तिचेच पाय पांढरे हाय." कौसीनं घागर उचलली.

मग उकंडा सांगेल तसं झालं. ओट्यामागची मेलेली थोरली मुळासकट जाळली. गावानं इतके डोळे पुसले, की जाळ त्याच पाण्यानं विझला, असं म्हणतात. डोणी फोडली. जिथं कधी कुणी पाऊल टाकलं नव्हतं त्या मुरमाड टेकाडावर नवा मांडव घातला, दाराशी खड्डा खणून त्यात कौसीचा चुना भरला, आणि चुन्यात पाय बुडवल्याशिवाय आत कुणी गेलं नाही. कौसीनं कांडी लावली. पुढचा पावसाळा सरता सरता वेली छपराला टेकल्या.

आणि पहिलं पान खुडलं त्या दिवशी पुंजाजी उभा राहून काय म्हणाला? म्हणाला, "नियम म्हंजे नियम. कांडं वेशीबाहेर गेलं. उकंडाले मळ्याची बंदी."

उकंडा हसला. "माह्या पायाले ते आधीच समजलं हाय, आबाजी. तुम्ही उगी तोंड दुखवता."

त्यानं पुन्हा मळ्यात पाऊल टाकलं नाही. ताटव्याबाहेर बसायचा, आतून कुणीतरी वेलीचं टोक त्याच्या कानाशी धरायचं, आणि तो सांगायचा, हिला पाणी द्या. नदीही त्यानं उतरली नाही. त्याचं म्हणणं, रोग मातीत किती वर्षं झोपतो कुणाला ठाऊक, आणि तो जागा झाला तर पल्याड तरी थोरली राहिली पाहिजे. म्हणून मथुरीलाही त्यानं कधी इकडे येऊ दिलं नाही. बाजाराच्या दिवशी दोघं आपापल्या थडीवर उभी राहायची आणि ओरडून बोलायची. पाण्याच्या आवाजात निम्मं ऐकू यायचं नाही. ज्याला वेलीच्या खोडातलं पाणी ऐकू यायचं, त्याला लेकीचं बोलणं ऐकू येईना.

आता वेलझरीत मळे थोडेच उरले आहेत. गवताच्या जागी हिरवी जाळी आली, तुराट्यांच्या जागी लोखंडी पाइप आले. तो गारवा नाही. पण प्रत्येक दाराशी चुन्याचा खड्डा आहे आणि त्याला उकंडाचा उंबरा म्हणतात. साहेब आला तरी बूट काढून त्यात पाय ठेवतो, नाहीतर बाहेर राहतो. गावातली पोरगी सासरी निघाली की तिच्या ओटीत सगळ्यांदेखत थोरलीचं कांडं घालतात. नागपंचमीला माहेरवाशिणी नदीवर जातात, गावाकडे तोंड करून "या ना, बाबा" अशी हाक मारतात, आणि उत्तराची वाट न बघता परत फिरतात. पुंजाजीचं नाव देवळाच्या पायरीवर कोरलेलं आहे. त्याच पायरीवर बसून म्हातारे पान चघळतात आणि काळ वाईट होता म्हणतात.

मथुरीला मुलगी झाली. तिनं ती पल्याडच्या थडीवरून उंच धरून दाखवली. उकंडानं नातीला कधी मांडीवर घेतलं नाही.