सागवानी रंगाचा डबा

फार पूर्वी, खुर्च्या-पाटांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. एका सागवानी खुर्चीला स्वतःच्या रंगात चैन पडेना. भिंती पांढऱ्या झाल्या, की ती मालकिणीच्या मागे लागे, "वत्सलाबाई, मलाही पांढरं करा!" भिंती निळ्या झाल्या, की हिला निळं व्हायचं असे. कोपऱ्यातला बिनरंगाचा पाट म्हणे, "अगं, जरा दम धर." ती नाक मुरडे आणि रंगाचा नवा थर चढवून घेई.

एका दिवाळीत मातीच्या, लाकडाच्या रंगांची टूम निघाली. पाट पुसून दिवाणखान्यात मांडला गेला. खुर्ची कासावीस झाली. "बाई, मला खरवडा! आत मी सागवानीच आहे!"

"इतक्या थरांखालून तुला शोधत कोण बसणार?" म्हणत वत्सलाबाईंनी सागवानी रंगाचा डबा उघडला.

खुर्ची ओरडत राहिली, आणि ब्रश लाकडावर लाकूड रंगवत राहिला.