मधला तुकडा

पुण्याच्या प्रदर्शनात खातुंबी सिद्दीच्या दुकानातल्या गोधडीवर हात आपटून शेजारच्या झगमगीत दुकानाचा मालक कस्तुरशेठ ओरडला, "ही नक्षी माझ्या कारखान्याची! जंगलातल्या काळ्या बायकांना कसली आलीय कला?"

शेठपुढे आयोजकही वाकले. "बाई, दुकान आवरा."

कर्नाटकातल्या हलियाळहून सोबत आलेल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांनी गोधड्या जवळ ओढल्या. वर्षभराचं शिवणकाम इथेच मांडलेलं होतं.

खातुंबी म्हणाली, "आवरते. पण शेठ, यातला पहिला शिवलेला तुकडा कुठला, तेवढं सांगा."

"मधला! तिथूनच तर सुरुवात करतात."

तिनं मधल्या तुकड्याची कड नखानं उचलली. चारही बाजूंचे तुकडे त्याच्याखाली दबलेले होते.

"आम्ही कडेपासून आत शिवत येतो, शेठ. मधला सगळ्यात शेवटी बसतो."

मग ती आयोजकांकडे वळली. "हं साहेब, आता कुणाचं दुकान आवरायचं?"