अस्सल परत मिळत नाही

ज्या कुणाच्या डोक्यातून हे निघालं, की माणसाच्या हक्काचा कागद आधी तळघरात कुलपात घालायचा, तो कसा मागायचा याची पाटी कपाटामागं टांगायची, आणि वर त्याच माणसाला विचारायचं, "तुम्हाला एवढंही माहीत नाही?" त्यानं ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी. मध्येच उठून जाऊ नये.

तर ओढ्याकाठच्या एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती भोळा? कुणी म्हटलं, "लिंबाजी, जरा थांब," तर कुणी "चल" म्हणेपर्यंत तो हलायचा नाही. एकदा दिवेलागणीपर्यंत पाराजवळ उभा होता. थांब म्हणणारा माणूस घरी जाऊन जेवायला बसला होता.

लिंबाजी आपल्या केवळाआत्याजवळ राहायचा. आत्याची वस्ती ओढ्यापलीकडं. वस्तीवरून गावाकडं यायला एकच गाडीवाट, ती शेजारच्या दौलतरावाच्या शेताकडेनं जायची. या वाटेवरून मागं आत्याचे वडील आणि दौलतरावाचे वडील तालुक्याच्या कोर्टात भांडले होते. आत्याचे वडील जिंकले. निकालाचा कागद घरात होता, तो वाळवीनं खाल्ला. वाळवीनं खाल्ल्याचं कळलं आणि दौलतरावानं वाटेवर कुंपण घातलं.

आत्या डोक्यावर दुधाची किटली घेऊन ओढ्यातून जायला लागली. शेवाळावरून पाय घसरला. पाय प्लास्टरमध्ये गेला आणि आत्या खाटेवर आली.

दौलतराव भेटायला आला. म्हणाला, "केवळाबाई, वाट नसलेली जमीन घेऊन काय करता? मला देऊन टाका."

आत्यानं कुबडी उगारली. तो गेला.

आत्यानं कोर्टात दावा लावला. दौलतरावानं लेखी उत्तर दिलं, "मी कुंपण घातलेलंच नाही. तिथं पहिल्यापासून काटेरी झुडपं आहेत. वाट कधी नव्हतीच." आता जुना निकाल कोर्टापुढं आला तरच वाट राहणार होती, आणि वाट राहिली तरच जमीन. तो निकाल होता त्याच कोर्टाच्या तळघरात, न्यायाधीशबाईंच्या खुर्चीच्या बरोबर खाली. पण त्याला जिना चढून वर यायचं तर आत्याला अर्ज करावा लागणार होता.

आत्या म्हणाली, "लिंब्या, तालुक्याला जा. कोर्टात नकलांची खिडकी असते. तिथून आपल्या निकालाची नक्कल आण. आणि हे बघ, कोर्ट आहे ते. तिथं हात जोडायचे अन् तोंड बंद ठेवायचं. कळलं?"

"कळलं, आत्या."

लिंबाजी गेला. खिडकीत सोनटक्केबाई बसल्या होत्या. लिंबाजीनं हात जोडले आणि तोंड बंद ठेवलं.

"काय पाहिजे?" बाईंनी विचारलं.

लिंबाजीनं हात आणखी घट्ट जोडले.

"अहो, बोलता येत नाही का?"

बोलता येत होतं. पण ते सांगायचं तर बोलावं लागणार होतं.

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "मुका दिसतोय बिचारा." त्यानं पिशवीतलं केळं काढून दिलं. शिपायानं चहा पाजला. खिडकी बंद झाली. लिंबाजी घरी आला.

"नक्कल कुठाय?" आत्यानं विचारलं.

"नक्कल नाही दिली. पण माणसं फार चांगली आहेत, आत्या. केळं दिलं."

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे लिंब्या, तिथं मोठ्यानं सांगायचं असतं! वादी कोण, प्रतिवादी कोण, दावा कशाचा! सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"बरं आत्या, पुढच्या खेपेला तसंच करीन."

पुढच्या खेपेला लिंबाजीनं विचार केला, सगळे कुठं बसतात? खिडकीशी तर चारच माणसं. मोठ्या दालनात मात्र बाकं भरलेली होती. तो आत शिरला. न्यायाधीशबाई उंच खुर्चीवर होत्या. समोर बकरी चोरल्याचा एक आरोपी उभा होता. तो सकाळपासून "मी नाही, मी नाही" म्हणत होता.

लिंबाजीनं छातीत वारं भरलं. "केवळाबाई! विरुद्ध दौलतराव! वाटेचा दावा! कुंपण घातलंय!"

आरोपी इतका दचकला की म्हणाला, "होय, मीच नेली."

आरोपीचा वकील मटकन खाली बसला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "कोण आहेत हे? कोर्टात ओरडायचं नाही. जे म्हणायचं असेल ते लेखी द्या."

शिपायानं लिंबाजीला बाहेर नेऊन सोडलं. या वेळी चहा दिला नाही.

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे लिंब्या, न्यायाधीशबाई बरोबरच बोलल्या. सरकारी माणसापुढं जे काय ते लेखी द्यायचं असतं."

"बरं आत्या, पुढच्या खेपेला तसंच करीन."

तो पुढच्या खेपेला एसटीत बसला. कंडक्टर आला. खाकी कपडे, छातीवर बिल्ला. सरकारी माणूस.

"कुठं जायचं?"

लिंबाजीनं कोरा कागद काढला, मांडीवर ठेवला आणि लिहायला लागला. त्याचं अक्षर सुरेख होतं, पण सावकाश यायचं. 'मा. कंडक्टर साहेब यांचे सेवेशी. विषय : तालुक्याला उतरवण्याबाबत. महोदय, वरील विषयी विनंती करण्यात येते की...'

"अहो पाव्हणं, कुठं जायचं?"

लिंबाजीनं डाव्या हातानं खूण केली, लिहितोय, थांबा. कंडक्टर पुढची तिकिटं फाडून परत आला. 'आपला विश्वासू' लिहून होईतो तालुका मागं पडला होता.

कंडक्टरनं अर्ज वाचला. दोनदा वाचला. मग दोरी ओढली. "अरे बाबा, विचारलं की चटकन तोंडानं उत्तर द्यायचं! विचार करत बसायचं नाही. उतर खाली."

आडरानात उतरून लिंबाजी उन्हातान्हाचा घरी चालत आला. आत्यानं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "कंडक्टर काय खोटं बोलला? विचारलं की चटकन सांगायचं."

"बरं आत्या, पुढच्या खेपेला तसंच करीन."

पुढच्या खेपेला खिडकीशी रांग होती. लिंबाजीच्या पुढं एक तरुण बाई घटस्फोटाच्या निकालाची नक्कल मागत होती.

सोनटक्केबाईंनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

"दौलतराव!" लिंबाजी म्हणाला.

सोनटक्केबाईंनी लिहून घेतलं.

"अगं बाई!" ती बाई मागं वळली. "कोण दौलतराव? एकातून आत्ता कुठं सुटले, दुसरा कुठून आणलात?"

"भांडण कशावरून?" सोनटक्केबाईंचं लक्ष कागदावरच होतं.

"वाटेवरून!"

"अहो, तुम्ही गप्प बसा हो! तुमच्याशी कोण बोलतंय?" दोघीही ओरडल्या. मग सोनटक्केबाईंनी मान वर केली. "तुम्ही ते मुके ना?"

"नाही!" लिंबाजी चटकन म्हणाला.

एकदाचा त्याचा नंबर आला. वादीचं नाव, प्रतिवादीचं नाव, दावा कशाचा, सगळं त्यानं चटाचट सांगितलं. साल विचारलं तेव्हा म्हणाला, "आमची कपिला पहिल्यांदा व्यायली ते." सोनटक्केबाईंनी एक लांब श्वास घेतला आणि नावांवरून शोधायचं कबूल केलं. ओळखपत्र मागितलं. लिंबाजीनं खिशातलं आधारकार्ड खिडकीतून आत टाकलं आणि निघाला.

"अहो, थांबा!" सोनटक्केबाई उभ्या राहिल्या. "अस्सल कार्ड कुठं टाकून चाललात? एकदा रेकॉर्डला जमा झालं की अस्सल परत मिळत नाही. मिळते ती नक्कल, तीही अर्ज केल्यावर. अस्सल आपल्याजवळ जपून ठेवायचं. द्यायची ती झेरॉक्स."

केवढी मोठी गोष्ट कळली! लिंबाजी वाटभर ती घोकत आला.

यथावकाश नक्कल मिळाली. गोल शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. 'सदर गाडीवाट कायम खुली ठेवावी' असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आत्यानं तीनदा वाचून घेतली आणि डोळे पुसले.

तारखेच्या दिवशी तिनं नक्कल लिंबाजीच्या हातात दिली. "न्यायाधीशबाईंच्या हातात नेऊन दे." लिंबाजी अंगणात गेला. तिथं त्याला आठवलं, अस्सल जपून ठेवायचं. त्यानं नक्कल आत्याच्या ट्रंकेत ठेवली आणि आदल्या दिवशी काढून आणलेली झेरॉक्स खिशात घातली. झेरॉक्स त्यानं आणखीही काढली होती. एसटीत तिकिटासाठी कंडक्टरच्या हातात त्यानं नोटेची झेरॉक्स ठेवली.

कंडक्टरनं त्याला ओळखलं. झेरॉक्स परत दिली आणि दोरी ओढली.

लिंबाजी धावतपळत कोर्टात पोचला. दौलतराव कडक इस्त्रीत वकिलाशेजारी बसला होता. न्यायाधीशबाईंनी लिंबाजीचा कागद उलटसुलट केला.

"ही तर झेरॉक्स आहे."

"हो. अस्सल जपून ठेवलंय."

दौलतराव हसला. त्याचा वकील उभा राहून म्हणाला, "बाईसाहेब, निकाल नाही, वाट नाही आणि आमच्या अशिलानं कुंपणही घातलेलं नाही. दावा काढून टाकावा."

न्यायाधीशबाई लिंबाजीला म्हणाल्या, "हे बघा, झेरॉक्स कोर्टात चालत नाही. इथं अस्सल आणायचं. तुम्हाला शेवटची तारीख देते. शिक्क्याची नक्कल आणा, आणि वाट कुठं अडली ते मला दिसेल असा त्या कुंपणाचा फोटो आणा. नाहीतर दावा निघाला समजा."

घरी आल्यावर आत्यानं या वेळी दोन्ही हात कपाळावर मारले. "अरे लिंब्या, न्यायाधीशबाई सांगतात ते कान उघडे ठेवून ऐकायचं! कोर्टात अस्सलच न्यायचं. आता ही शेवटची तारीख आहे बाळा. चुकलास तर आपण इथून उठलो."

"नाही चुकणार, आत्या. अस्सलच नेईन."

शेवटच्या तारखेला दौलतराव सकाळच्या गाडीनंच तालुक्याला गेला. लिंबाजी नक्कल सदऱ्याच्या आत ठेवून फोटोवाल्याला बोलवायला निघाला. कुंपणापाशी येऊन उभा राहिला आणि त्यानं विचार केला. कागदाची झेरॉक्स काढतात. कुंपणाचा फोटो काढतात. एक यंत्र बसकं, एक हातातलं, एवढाच फरक. आणि न्यायाधीशबाईंनी तर स्वच्छ सांगितलंय, इथं अस्सल आणायचं.

तो मागं फिरला. पहार घेतली. गोठ्यातली बैलगाडी बाहेर काढली.

सिमेंटचे खांब त्यानं एकेक करून उपटले. तार गुंडाळली. बाभळीचे काटे मोळी बांधून वर ठेवले. 'खाजगी मालमत्ता. वाट बंद. दौलतराव' अशी पत्र्याची पाटी होती, तीही राहू नये म्हणून घेतली. मग बैलांना हाक दिली. गाडी वाटेनं सरळ गावात आली. मध्ये काहीच आडवं आलं नाही. तिथून तिनं तालुक्याचं कोर्ट गाठलं.

पुकारा झाला. लिंबाजीनं नक्कल दिली. न्यायाधीशबाईंनी शिक्का पाहिला, निकाल वाचला, मान हलवली.

"ठीक. आणि कुंपणाचा फोटो?"

"फोटो कशाला, बाईसाहेब? अस्सल आणलंय."

न्यायाधीशबाई खिडकीपाशी गेल्या. आवारात बैलगाडी उभी होती. शिपाई दोन्ही हात कमरेवर ठेवून खांब बघत होता. एक बैल न्यायालयाच्या बागेतली झेंडूची फुलं खात होता.

दौलतरावही खिडकीशी धावला. बाहेर पाहिलं आणि त्याचा आवाज चढला. "अहो, हे माझं कुंपण! खांबन् खांब माझा आहे! नवीकोरी तार आहे माझी!"

त्याच्या वकिलानं डोळे मिटून घेतले.

"तुमचं?" न्यायाधीशबाई खुर्चीवर परत बसल्या. "तुम्ही तर लिहून दिलंय की तुम्ही कुंपण घातलेलंच नाही."

दौलतरावानं तोंड उघडलं आणि मिटलं. हात मात्र आपोआप जोडले गेले.

न्यायाधीशबाईंनी आधी लिंबाजीला चांगलं फैलावर घेतलं. कोर्टाला विचारल्याशिवाय असं काही उपटून आणायचं नसतं, पुन्हा केलंत तर आत टाकीन, म्हणाल्या. मग हुकूम सांगितला. वाट कायम खुली. तिथं पुन्हा काही घालायचं नाही. गाडीवरचा सगळा माल पुरावा म्हणून कोर्टात जमा.

खांब, तार, काटे आणि पाटी तळघरात गेली. लिंबाजी मोकळी गाडी घेऊन आत्याला दवाखान्यात न्यायला निघाला.

आणि दौलतराव घाम पुसत नकलांच्या खिडकीशी गेला. "बाई, खाली तुमच्या तळघरात माझं कुंपण ठेवलंय. मला ते परत पाहिजे."

सोनटक्केबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं.

"एकदा जमा झालं की अस्सल परत मिळत नाही, दौलतराव. मिळते ती नक्कल. अर्ज करा, आणि सालही लिहा."