फुकटची वाट

"...पण महाराज, वाट सगळ्यांची. तिथं गाडी नेली म्हणून पैसे भरा म्हणणं, हा कुठला न्याय?"

विचारणारे होते रघुवीर टिपणीस, शहरातले नावाजलेले वकील. हरलेला खटला आठवायचा म्हटला तर त्यांना विचार करावा लागे. गजबजलेल्या पेठांत गाडी नेणाऱ्याकडून गर्दीचं शुल्क घ्यायचा नवा कायदा आला होता. तो उद्या कोर्टात पाडायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यासाठी आशीर्वाद मागायला ते डोंगरावर सोपानगिरी महाराजांच्या गुहेत आले होते.

गुहेचं तोंड एका माणसापुरतं. एकानं आत बसायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. मागच्यानं पुढच्याला 'आटपा' म्हणायचं नाही, ही तिथली रीत.

महाराज डोळे मिटून ऐकत होते.

वकिलांना वाटलं, पटतंय. मग त्यांनी उद्याचा अख्खा युक्तिवादच ऐकवला. शुल्क लावलं की श्रीमंताला रस्ता मोकळा, गरिबाला बंद. शिवाय शुल्क घ्यायचं तर बदल्यात काही द्यायला हवं, इथं नुसत्या येण्याचेच पैसे. बोलले मात्र छान. गुहेलासुद्धा पटलं असतं.

"तुझ्या गाडीनं कुणाचं काही जातं का?" महाराजांनी विचारलं.

"एका गाडीनं कुणाचं काय जाणार? आजवर फुकटच तर होतं सगळं."

"फुकट..."

महाराज उठले. वकिलांचा खांदा धरून त्यांना हळूच बाहेरच्या बाजूला वळवलं.

रांग उन्हात थेट कड्याखाली गेली होती. सगळ्यांत पुढे एक माणूस म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन उभा होता. तिची मान त्याच्या खांद्यावर कलली होती. त्याचे गुडघे थरथरत होते. इतकी माणसं, पण कुणी ब्र काढला नव्हता.

वकिलांच्या अंगावर काटा आला. एवढा वेळ ही माणसं पाठीमागे उभी होती, आणि आपल्याला त्यांचा श्वासही ऐकू आला नव्हता.

"कधीपासून उभे आहात?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"असू द्या साहेब," तो माणूस म्हणाला. "तुमचं निवांत होऊ द्या. आम्ही थांबतो."

वकिलांचे हात आपोआप जोडले गेले.

"महाराज... उद्या मी काय सांगू?"

महाराजांनी म्हातारीला आत घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

"आधी वाट सोड."